मुलांना घेऊन चार दिवस सिंगापूर : आखणी कशी करावी

मुंबईहून सिंगापूरला थेट विमानाने साधारण साडेपाच तास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्या अडीच तास पुढे चालते. लहान मुलांसह चार दिवसांसाठी तिथे जायचे असेल, तर प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवून आखणीची सुरुवात या दोन आकड्यांपासून करावी, असे मुलांना घेऊन दोन वेळा तिथे जाऊन आल्यावर माझे मत झाले आहे. शहर आटोपशीर आहे, बहुतेक ठिकाणी तासाभरात पोहोचता येते, त्यामुळे ‘एवढ्यात सगळेच बघून होईल’ असा मोह घरोघरी होतो. परंतु मुलांचा दिवस झोप, भूक आणि ऊन या तीन गोष्टींवर चालतो, अंतराशी त्यांना काही देणेघेणे नसते. म्हणून रोज एकच मोठी गोष्ट ठरवावी आणि ती मुलांच्या शरीरातल्या घड्याळाला सोसेल अशा वेळी ठेवावी. पुढची सगळी आखणी या एका नियमावर उभी आहे.

घड्याळ आणि ऊन

घरी सकाळी ७ वाजता उठणारे मूल सिंगापुरात साडेनऊला जागे होते आणि रात्री ९ वाजता झोपणाऱ्या मुलाला तिथे साडेअकरापर्यंत झोप येत नाही. चार दिवसांत ही सवय मोडण्याचा खटाटोप करू नये, कारण ती मोडेपर्यंत परतीचा दिवस उजाडतो. उलट तिचा उपयोग करून घ्यावा. ‘गार्डन्स बाय द बे’मधल्या उंच कृत्रिम वृक्षांचा प्रकाश-संगीताचा खेळ संध्याकाळी ७.४५ आणि ८.४५ वाजता असतो. मुलांच्या हिशेबाने पहिला खेळ सव्वापाचला आणि दुसरा सव्वासहाला होतो, म्हणजे घरी ती खाली खेळायला उतरतात त्या सुमारास. ‘नाइट सफारी’ हे रात्रीचे प्राणिसंग्रहालय ७.१५ वाजता सुरू होते, तेव्हा त्यांचे पावणेपाच वाजलेले असतात. याच्या उलट प्राणिसंग्रहालय सकाळी ८.३० वाजता उघडते. तिथे दारात हजर राहायचे तर मुलांना त्यांच्या पहाटे चार-साडेचारला उठवावे लागते. थोडक्यात, सिंगापूरची संध्याकाळ आपल्या मुलांना अनुकूल असते आणि सकाळ प्रतिकूल.

दुपारचा विचार वेगळा करावा लागतो. हे शहर विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंशाहून थोडे अधिक उत्तरेला आहे. त्यामुळे वर्षभर कमाल तापमान ३१-३२ अंशांच्या आसपास राहते, हवा कायम दमट असते आणि दुपारनंतर विजांसह पावसाची मोठी सर येणे ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. विजा चमकू लागल्या की पोहण्याचे तलाव आणि मुलांच्या पाण्यातल्या खेळाच्या जागा बंद करतात. म्हणून साधारण १ ते साडेचार हा वेळ खोलीवर जेवण, झोप आणि विश्रांतीसाठी राखून ठेवावा. पैसे खर्च करून परदेशात जायचे आणि दुपारी झोपायचे हे सुरुवातीला अनेकांना पटत नाही, परंतु हे साडेतीन तास सोडले की संध्याकाळचे पाच तास आनंदात जातात, असा माझा अनुभव आहे.

विमानाची वेळही याच हिशेबाने निवडावी. रात्री साडेअकराला निघालेले विमान तिथे सकाळी साडेसातच्या सुमारास उतरते. मुलांची झोप जेमतेम चार तासांची झालेली असते आणि हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी २ किंवा ३ वाजता ताब्यात मिळते. पहिल्या सहलीत आम्ही हा मधला वेळ ‘वाया जाऊ नये’ म्हणून विमानतळावरून सामान टाकून थेट प्राणिसंग्रहालयात गेलो. पाच वर्षांच्या मुलीने तिथला निम्मा वेळ रडण्यात आणि उरलेला झोपेत घालवला, आणि तिकिटांपेक्षा तिचे झालेले हाल मला आजही अधिक लागतात. मुले पाच-सहा वर्षांच्या आतली असतील तर सकाळी निघून संध्याकाळी पोहोचणारे विमान थोडे महाग पडले तरी घ्यावे. रात्रीचेच घ्यावे लागले, तर आदल्या रात्रीपासून खोली आरक्षित करावी किंवा लवकर खोली देण्याबाबत हॉटेलकडून आधीच लेखी होकार मिळवावा.

कधी जावे

तिथल्या शाळांना मोठ्या सुट्ट्या जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरमध्ये असतात, त्या काळात मुलांच्या सगळ्या जागा स्थानिक कुटुंबांनीच भरून जातात. आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत एप्रिलची अखेर ते मेचा मध्य हा काळ त्यामुळे बरा. डिसेंबरमध्ये पाऊसही अधिक असतो. चिनी नववर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत अनेक दुकाने आणि खाण्याची ठिकाणे बंद असतात, तर रात्रीच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या आठवड्यात मरीना बे भागातले रस्ते अडवले जातात आणि खोल्यांचे भाडे चढते. या दोन्ही तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ‘लिटल इंडिया’तल्या सेरंगून रोडवरची रोषणाई पाहायला मिळते. मात्र काही वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर शहरावर येतो, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्या मुलांच्या पालकांनी त्या दिवसांत हवेचा निर्देशांक पाहूनच निघावे.

कागदपत्रे

मुलांच्या पासपोर्टकडे सर्वांत आधी पाहावे. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो, परंतु लहान मुलांचा ५ वर्षांसाठीच असतो, आणि आई-वडिलांचा अजून वैध आहे म्हणून मुलांचाही असेल असे गृहीत धरल्याने ऐनवेळी धावपळ होते. प्रवासाच्या वेळी प्रत्येक पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. भारतीय नागरिकांना सिंगापूरचा व्हिसा लागतो, तो तान्ह्या बाळासाठीही स्वतंत्र काढावा लागतो आणि त्याचा अर्ज अधिकृत एजंटामार्फत करावा लागतो. पासपोर्ट, तिकीट आणि अर्ज यांवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अक्षरश: सारखे आहे ना, हे एकाने वाचून दुसऱ्याने तपासावे. आई किंवा वडील यांपैकी एकटेच मुलाला घेऊन जात असतील, तर दुसऱ्याचे सही केलेले संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवावी.

व्हिसा मिळाला तरी सिंगापुरात उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावे लागते. ते प्रत्येक मुलासाठीही भरायचे असते आणि सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर ते पूर्णपणे विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे दिसली तर ती सरकारी नाहीत असे समजून बाहेर पडावे.

तिकिटाबाबत एक बारकावा सांगायला हवा. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसून कमी भाड्यात जाते, परंतु परतीच्या प्रवासापूर्वी त्याला दोन वर्षे पूर्ण होत असतील तर त्या फेरीसाठी त्याची स्वतंत्र जागा घ्यावी लागते. वाढदिवस साजरा करण्यासाठीच सहल काढणाऱ्यांच्या हे हमखास लक्षात राहत नाही.

मुक्काम कुठे करावा

मरीना बेच्या काठावरची हॉटेले देखणी असली, तरी मुलांसह चार दिवसांसाठी मी ‘लिटल इंडिया’ किंवा त्याला लागून असलेला फॅरर पार्क हा भाग सुचवीन, आणि त्याचे पहिले कारण रेल्वेचे आहे. तिथल्या शहरी रेल्वेला एमआरटी म्हणतात. लिटल इंडिया स्थानकावर तिच्या दोन मार्गिका मिळतात : डाउनटाउन मार्गिकेने एका बाजूला चौथे स्थानक बेफ्रंट, म्हणजे गार्डन्स बाय द बे, आणि दुसऱ्या बाजूला तिसरे स्थानक बोटॅनिक गार्डन्स लागते, नॉर्थ-ईस्ट मार्गिकेने पाचवे स्थानक हार्बरफ्रंट येते, जिथून सेंटोसा बेटावर जातात. झोपलेले मूल खांद्यावर आणि बाबागाडी हातात असताना गाडी बदलावी न लागणे ही किती मोठी सोय आहे, हे तिथे गेल्यावरच कळते. दुसरे कारण जेवणाचे, त्याकडे पुढे येतेच. तिसरे कारण असे, की केके विमेन्स अँड चिल्ड्रेन्स हॉस्पिटल हे मुलांसाठी चोवीस तास आपत्कालीन विभाग असलेले मोठे रुग्णालय याच भागालगत आहे. या भागाची एक अडचणही सांगते : रविवारी संध्याकाळी स्थलांतरित कामगारांचा सुट्टीचा दिवस असल्याने रस्त्यांवर फार दाटी असते, तेव्हा त्या वेळी लहान मुलांना घेऊन सेरंगून रोडवर फिरण्याचा बेत ठेवू नये.

खोली आरक्षित करताना मुलांची संख्या आणि वये खरी लिहावीत. तिथल्या खोल्या लहान असतात, अनेक खोल्यांत तीनच माणसांना परवानगी असते, आणि रात्री उशिरा स्वागतकक्षात दुसरी खोली घेण्याची वेळ येणे खर्चिक पडते. कुणाचे घर काही दिवसांसाठी भाड्याने घेण्याचा विचार करू नये. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणे बेकायदा आहे.

एमआरटीच्या सगळ्या स्थानकांवर लिफ्ट आहे, त्यामुळे हलकी, घडी होणारी बाबागाडी न्यावी, अगदी चार वर्षांच्या मुलासाठीसुद्धा. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची मुले मोठ्यांसोबत विनामूल्य प्रवास करतात. आपले संपर्करहित बँक कार्ड फाटकावर टेकवून प्रवास करता येतो, मात्र प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते. गाडीत आणि स्थानकात खाणे-पिणे पूर्ण निषिद्ध असून दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो, म्हणून मुलांना बिस्किटे आणि पाणी फाटकाच्या अलीकडेच द्यावे. मोटारीने जायचे असेल तर आणखी एक नियम लक्षात ठेवावा : १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी मोटारीत योग्य बालआसन सक्तीचे आहे. टॅक्सीला यातून सूट आहे, परंतु ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. त्यामुळे ॲपमध्ये बालआसनाची गाडी निवडावी किंवा सरळ टॅक्सी करावी. विमानतळावरून हॉटेलपर्यंत मात्र खर्चाचा विचार न करता टॅक्सीच करावी, असे मी सुचवते.

खाणे

मराठी घरातले, विशेषत: शाकाहारी घरातले मूल परदेशात सर्वांत आधी अडते ते जेवणाशी. लिटल इंडियात ही अडचण जवळपास राहत नाही. १९४७ पासून चालू असलेले कोमला विलास आणि आसपासची दाक्षिणात्य शाकाहारी भोजनगृहे इडली, डोसा, दही-भात सहज देतात आणि मुलांना ओळखीची चव दिवसातून एकदा मिळाली की बाकीच्या वेळी ती नवीन चव घ्यायला तयार होतात. ही नवीन चव घेण्यासाठी ‘हॉकर सेंटर’ला एकदा तरी जावे. एकाच छपराखाली डझनावारी छोटे गाळे आणि मध्ये सामायिक टेबले अशी ही व्यवस्था आहे. २०२० मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. जेवण झाल्यावर आपला ट्रे आणि उष्टी भांडी ठरलेल्या जागी नेऊन ठेवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि हे काम मुलांकडे सोपवले तर ती ते मोठ्या अभिमानाने करतात.

शाकाहारींनी तिथे विचारताना नेमके विचारावे. ‘मांस नाही ना?’ एवढे विचारले तर कोळंबीची पेस्ट किंवा माशांचा सॉस घातलेली भाजीही ‘नाही’ या उत्तरासह ताटात येऊ शकते. बौद्ध शाकाहाराचे चिनी गाळे मात्र भरवशाचे असतात. त्यांच्याकडे कांदा-लसूणही नसतो, फक्त सोयाबीन वा गव्हाच्या प्रथिनांपासून केलेले पदार्थ दिसायला हुबेहूब मांसासारखे असतात, हे मुलांना आधी समजावून सांगावे. नाश्त्याला सर्वत्र मिळणाऱ्या काया टोस्टमधला गोड लेप नारळाच्या दुधाचा आणि अंड्याचा असतो.

घरून काय न्यावे याबद्दल विस्ताराने सांगण्याचे कारण म्हणजे खसखस. सिंगापुरात खसखस निषिद्ध मालात मोडते, कारण तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि अमली पदार्थांचे कायदे तिथे अत्यंत कडक आहेत. म्हणजे अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू, करंजीचे तसले सारण आणि खसखस असलेला गोडा मसाला यांतले काहीही सामानात जाता कामा नये. आजीने प्रेमाने बांधून दिलेला डबा असला तरी तो घरी उघडून, विचारून, खात्री करून मगच घ्यावा. च्युइंगगमवर १९९२ पासून बंदी आहे आणि ई-सिगारेटवरही आहे. त्याऐवजी दशम्या, साधा चिवडा, गरम पाण्यात होणारे पोहे किंवा उपमा आणि एक छोटी बरणी मेतकूट न्यावे. साधा भात तिथे कुठेही मिळतो, दही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, आणि मेतकूट-दही-भातावर दमलेले मूल शांतपणे जेवते. नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य आहे, तेव्हा प्रत्येकाची बाटली भरून निघावे आणि बाटलीबंद पाण्यावर खर्च करू नये.

औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्यावीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा झोपेच्या गोळ्या यांसाठी आधी परवानगी लागते, म्हणून मुलांच्या डॉक्टरांना कोडीन नसलेलेच औषध लिहून द्यायला सांगावे. डासांचे मलमही घ्यावे, कारण डेंग्यू तिथेही आहे. रुग्णवाहिकेसाठी ९९५ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक आहेत. प्रवास विमा मुलांसह सर्वांचा काढावा. तिथला उपचारांचा खर्च आपल्या अंदाजाच्या पलीकडचा असतो.

चार दिवस कसे वाटावेत

पहिल्या दिवशी विश्रांतीनंतर संध्याकाळी गार्डन्स बाय द बे ठेवावे. २०१२ मध्ये उघडलेल्या या बागेतले कृत्रिम वृक्ष २५ ते ५० मीटर उंच आहेत आणि त्यांचा खेळ पाहायला तिकीट लागत नाही. गवतावर किंवा दगडी कट्ट्यावर पाठ टेकून पाहिला तर तो अधिक छान दिसतो. ‘क्लाउड फॉरेस्ट’ या थंड काचघराला तिकीट आहे, पण उंच धबधबा आणि धुके पाहून मुले भारावतात. आत गारवा असतो, तेव्हा पातळ जाकीट जवळ ठेवावे. मुलांची पाण्यात खेळायची बाग याच परिसरात असून ती विनामूल्य आहे. खेळायचे असेल तर सुक्या कपड्यांचा जोड घेऊन चारच्या पुढे पोहोचावे.

दुसऱ्या दिवशी उशिरा उठून बोटॅनिक गार्डन्सला जावे. १८५९ मध्ये सुरू झालेली ही बाग २०१५ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरली. तिच्यातल्या जेकब बॅलस मुलांच्या बागेत मूल सोबत असल्याशिवाय मोठ्यांना प्रवेशच मिळत नाही, आणि ही बाब मला फार आवडते. ही बाग आणि गार्डन्स बाय द बेमधली मुलांची बाग, दोन्ही सोमवारी बंद असतात. दिवसांची अदलाबदल करताना हे विसरू नये. संध्याकाळी मरीना बेच्या काठावर फेरफटका आणि रात्री ८ वाजताचा पाण्या-प्रकाशाचा खेळ पुरेसा होतो.

तिसरा दिवस मंडाईचा, म्हणजे प्राणिसंग्रहालये असलेल्या भागाचा. तोपर्यंत मुलांचे घड्याळ थोडे सरकलेले असते, त्यामुळे १० वाजेपर्यंत प्राणिसंग्रहालयात पोहोचणे जमते. १९७३ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात प्राणी शक्यतो पिंजऱ्याऐवजी खंदक आणि झाडोऱ्याच्या आड ठेवलेले आहेत, आणि ओरांगउटान डोक्यावरच्या झाडांतून फिरताना दिसतात. शेजारीच पांडा असलेले ‘रिव्हर वंडर्स’, २०२३ मध्ये सुरू झालेले ‘बर्ड पॅराडाइज’ आणि १९९४ पासूनची ‘नाइट सफारी’ आहे. एकत्रित तिकीट स्वस्त दिसते म्हणून एका दिवसात तीन ठिकाणे करू नयेत. आठ वर्षांखालील मुलांसाठी दिवसा प्राणिसंग्रहालय एवढेच ठेवावे. मोठ्या मुलांसाठी दुपारी खोलीवर येऊन विश्रांती घ्यावी आणि रात्री सफारी करावी. तीन वर्षांखालील मुलांना इथे तिकीट लागत नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

चौथ्या दिवशी सेंटोसा. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओज या करमणूक उद्यानाचे तिकीट काढण्यापूर्वी घरीच दाराच्या चौकटीपाशी मुलांची उंची मोजावी आणि संकेतस्थळावरच्या प्रत्येक खेळाच्या उंचीच्या अटीशी ताडून पाहावी. निम्म्याहून अधिक खेळ बाद होत असतील, तर तिकिटाचे पैसे वाचवून पलावान किंवा सिलोसो किनाऱ्यावर वाळूत खेळू द्यावे. हार्बरफ्रंटहून बेटावर पायवाटेने चालतही जाता येते.

खर्चाचा अंदाज बांधताना भोजनगृहाच्या दरपत्रकातल्या किमतीपुढे दोन अधिकचिन्हे असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी वेगळा लागणार, हे धरावे. आपल्या कार्डावर परदेशातील व्यवहार निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावेत. सहल कंपनीकडून पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस हा आगाऊ कर घेतला जातो, तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची पावती जपून ठेवावी. तिथल्या विजेच्या सॉकेटना तीन चौकोनी पिना लागतात, तेव्हा दोन ॲडॅप्टर न्यावेत. पॉवर बँक नेहमीप्रमाणे हातातल्या सामानातच ठेवावी.

परतीचे विमान रात्रीचे असेल तर खोली सोडल्यावर सामान हॉटेलात ठेवून शहरात भटकण्यापेक्षा दुपारीच टॅक्सीने चांगी विमानतळ गाठावा. टर्मिनल १ ला जोडलेल्या ‘ज्युएल’ या २०१९ मध्ये उघडलेल्या इमारतीत ४० मीटर उंचीचा धबधबा आहे, तो तपासणीच्या अलीकडे असल्याने आत जाण्यापूर्वीच पाहून घ्यावा लागतो. सामान ठेवण्याची सशुल्क सोय तिथे आहे, वातावरण थंड आहे, खायला मिळते. विमानात बसण्यापूर्वी मुलांचे हात-पाय-तोंड धुऊन त्यांना घरचे मऊ कपडे घालावेत आणि विमान उतरू लागताना कान दुखू नयेत म्हणून पाण्याचे घोट घेता येतील अशी बाटली त्यांच्या हाताशी ठेवावी.